नामपूरकर सरांचे साक्षीदार

मी एकदा नोकरीच्या अर्जात स्वतःला 'डायनॅमिक' म्हटलं होतं. आज हे कबूल करायला हरकत नाही, कारण ज्यांच्यासमोर लाज वाटावी त्यांतले निम्मे आता वर गेलेत आणि उरलेल्यांना ऐकू कमी येतं. वय एकोणचाळीस, गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे, आणि म्हणे डायनॅमिक! शिवाय 'रिझल्ट ओरिएंटेड', 'टीम प्लेअर', 'स्ट्रॅटेजिक थिंकर' आणि असेच आणखी बरेच. एकूण तीस शब्द होते, मी मोजले होते. माझ्या लग्नात आईने भांडीसुद्धा इतकी दिली नव्हती.

हे शब्द अशोक स्तंभाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने दिले. त्याने नवीनच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यात तयार बायोडेटा भरून ठेवला होता. फक्त नाव बदलायचं. "काकू, जेवढे जास्त शब्द तेवढं वजन," तो म्हणाला. मला पटलं. मी वर आणखी सांगितलं, "जाहिरातीतले पण सगळे टाक. दोन-दोनदा टाक."

आणि गंमत अशी की आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर नामपूरकर सर राहत होते. अख्खं नाशिक त्यांच्याकडून अर्ज टाईप करून न्यायचं, आणि मी वरच्या मजल्यावरून उतरून, मान खाली घालून, त्यांच्या दारावरून झेरॉक्सवाल्याकडे गेले. कारण मला त्यांची भीती वाटायची. मलाच नाही, सगळ्यांना वाटायची.

सरांचा टायपिंगचा क्लास होता. पुढच्या खोलीत सहा मशीन, मागच्या खोलीत सर. उंच, वाळकी मूर्ती, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. मशीनवर ते असे तुटून पडायचे की त्यांचा पूर्णविराम कागदाला आरपार भोक पाडायचा. त्यांनी टाईप केलेला कागद उजेडात धरला की चांदण्या दिसायच्या. पण भीती त्याची नव्हती. भीती होती त्यांच्या एका प्रश्नाची. अर्जात स्वतःबद्दल कुठलाही चांगला शब्द सांगितला की ते मशीनवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, "साक्षीदार कोण?"

एक मुलगा 'वक्तशीर' लिहा म्हणाला. सर म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी या." तो सात वीसला आला. सरांनी टाईप केलं, 'साधारणपणे वेळेवर.' एक बाई स्वतःला 'मनमिळाऊ' म्हणाल्या, तर सर म्हणाले, "जाऊबाईंना घेऊन या." त्या बाई परत आल्याच नाहीत. एक जण 'कष्टाळू' म्हणाला तेव्हा सरांनी त्याच्याकडून सहाही मशीन पुसून घेतली आणि मग मात्र तो शब्द ठळक टाईप करून दिला. खिडकी रस्त्याकडे उघडी असायची, त्यामुळे ही सगळी उलटतपासणी भाजीवालीपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना ऐकू जायची.

आता मला विचारलं असतं, "डायनॅमिकला साक्षीदार कोण?" तर मी काय आमच्या ह्यांना उभं केलं असतं?

हे तेव्हा घरीच होते. सातपूरचा कारखाना बंद पडून चार महिने झाले होते. बोलायचे कमी, आणि सकाळी उठून इस्त्री उघडून बसायचे. इस्त्री दुरुस्त व्हायची. दुसऱ्या दिवशी परत उघडायचे. आमच्या मुलीची, मंजूची, बारावी होती आणि तिला पुढे फार्मसीला जायचं होतं. ती ते आता मोठ्याने बोलत नव्हती, हेच मला जास्त लागायचं. गाठीला होतं ते दिवाळीपर्यंत पुरणार होतं. मी रोज पहाटे डोळे उघडायच्या आधी दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजायचे. पूर्वी माहेरी जाण्यासाठी मोजायचे, आता गाठीचे पैसे त्या दिवसांवर वाटण्यासाठी.

अशात पेपरात जाहिरात आली. गंगापूर रोडला नवीन सुपर बाजार निघत होता. 'कॅशियर पाहिजेत. कॅश हँडलिंग, कस्टमर सर्व्हिस व कॉम्प्युटर बिलिंगचे ज्ञान आवश्यक.' मी तीस शब्दांचा हार गळ्यात घालून मुलाखतीला गेले.

मॅनेजर तरुण होता, टाय लावलेला, बोलायला सभ्य. ते सभ्य असणं नंतर फार जड गेलं. त्याने बायोडेटा वाचला, परत वाचला आणि म्हणाला, "मॅडम, स्ट्रॅटेजिक थिंकिंगचं एखादं उदाहरण सांगा ना."

मी म्हटलं, "पाहुणे येणार असले की मी कणीक आधीच मळून ठेवते."

त्याने मान डोलावली. मला वाटलं, जमलं. मग तो मला काउंटरवर घेऊन गेला. "तुम्ही कॉम्प्युटर बिलिंग येतं असं दोनदा लिहिलंय," तो म्हणाला आणि हातात एक साबण दिला. "बारकोड स्कॅन करा."

मला काहीच माहीत नव्हतं हो. मी साबण डोळ्यांजवळ नेला, पुढून पाहिला, मागून पाहिला, वास घेतला आणि म्हटलं, "चांगला आहे."

शेजारच्या काउंटरवरची मुलगी खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही. मी घाईघाईने मशीनवरचं एक बटण दाबलं. खालचा पैशांचा ड्रॉवर धाडकन बाहेर आला आणि माझ्या पोटावर आदळला. मी ड्रॉवरला 'सॉरी' म्हटलं.

"मॅडम," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "हा बायोडेटा तुम्ही लिहिलाय?"

मी पर्स उचलली. गंगापूर रोड ते अशोक स्तंभाजवळचं आमचं घर, अंतर फार नाही, पण त्या दिवशी मी ते तासभर चालले. घरी आल्यावर ह्यांनी इस्त्रीवरून मान वर करून पाहिलं आणि परत स्क्रू फिरवायला लागले.

महिनाभराने त्याच दुकानाची जाहिरात परत आली. घेतलेल्यांतली एक सोडून गेली होती. मंजूने जाहिरात कापून फ्रीजवर चिकटवली. आता दिवाळीला पाच आठवडे होते. मी तीन दिवस फ्रीज उघडताना त्या कागदाकडे पाहायचं टाळलं. चौथ्या दिवशी जिना उतरले आणि सरांच्या दारात उभी राहिले.

सरांनी माझा जुना बायोडेटा वाचला. त्यांचा चेहरा तांबडा होत गेला. सर बागलाणातल्या नामपूरचे. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण चिडले की गावाकडची अहिराणी बाहेर यायची.

"हाई काय शे?" ते ओरडले. "वहिनी, ह्यात तुम्ही कुठे आहात?"

खिडकीबाहेर भाजीवालीने तराजू खाली ठेवला.

मला वाटलं आता ते म्हणतील, असले शब्दच नकोत. पण नाही. त्यांनी जाहिरातीचा तुकडा समोर ठेवला आणि तीन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. "त्या मॅनेजरच्या टेबलावर शंभर अर्ज असतील. तो बसून काय शोधणार? स्वतःच्याच जाहिरातीतले शब्द. ते त्याला दिसायलाच पाहिजेत. तिथे 'रोख रकमेचे व्यवस्थापन' असलं पांडित्य करायचं नाही, त्याने कॅश हँडलिंग म्हटलंय तर आपणही कॅश हँडलिंगच. पण एकदाच. आणि शब्दाला लागून लगेच आपली हकीकत." मग हात मांडीवर ठेवले. "बोला. कॅश हँडलिंग. साक्षीदार कोण?"

"सर, मी कधी नोकरीच केली नाही."

"नोकरीचं कोणी विचारलं? पैसे हाताळलेत का?"

"घरातले."

"ते सगळेच हाताळतात. दुसऱ्यांचे?"

मी पुटपुटले, "भिशी आहे आपल्या बिल्डिंगची. पण ती काय..."

"किती बायका?"

"बावीस."

"किती वर्षं?"

"अकरा."

सर खुर्चीतून उठले. "अकरा वर्षं बावीस बायकांचे पैसे दर महिन्याला गोळा करून, चिठ्ठी काढून, जिची निघेल तिला त्याच संध्याकाळी पोचते करता, आणि म्हणता ती काय?" त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून वर हाक मारली, "ओ आहेरवहिनी! जरा खाली या. साक्ष द्यायचीय."

बावीसजणींत नेमकी हीच बाई! आहेरवहिनी पिंपळगाव बसवंतच्या. त्यांचा आवाज हायवेवरून जाणाऱ्या टेंपोलाही ऐकू जावा असा. आणि भिशीतलं एकुलतं एक भांडण मी त्यांच्याशीच केलं होतं.

त्या कमरेला पदर खोचून आल्या. "काय झालं?"

"यांनी भिशीचे पैसे कधी कमी-जास्त केले?" सरांनी विचारलं.

"नाय. पैशाचं नाय बोलणार मी, खोटं बोलले तर जीभ झडंल. पण माझी चिठ्ठी तीन फेऱ्या शेवटीच निघाली, त्याचं काय?"

"त्यात माझा काय दोष!" मी म्हटलं.

"मी म्हटलंच होतं तवा, चिठ्ठीला घडी येगळी घालती ही."

"बघा सर, म्हणून मी बोलत नव्हते."

"थांबा," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "मग पुढे काय झालं?"

आहेरवहिनी जरा नरमल्या. "मग काय. हिनं दुसऱ्याच महिन्यात सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच हातात दिल्या. म्हणली, घडी तुम्ही घाला, डब्यात तुम्ही टाका आणि काढा पण तुम्हीच. तवापासून मीच काढते."

"आणि तुमची चिठ्ठी?"

"शेवटीच निघती," आहेरवहिनी म्हणाल्या. "पण आता कोणाला बोलू?"

सर मशीनवर तुटून पडले. 'कॅश हँडलिंग: अकरा वर्षे बावीस सभासदांची भिशी चालवली. हिशेबात तक्रार नाही. कस्टमर सर्व्हिस: एकदा भांडण झाले. मिटवले. भांडणारी सभासद अजून सभासद आहे.' खाली साक्षीदार म्हणून आहेरवहिनींचं नाव आणि त्यांची सही. ती करताना त्यांनी पेन असं धरलं की जणू त्यांनाच नोकरी लागतेय.

मग तिसरा शब्द आला. कॉम्प्युटर बिलिंग.

"येतं?"

"नाही."

सरांनी टाईप केलं, 'कॉम्प्युटर बिलिंग: येत नाही. पंधरा दिवसांत शिकेन. मागच्या अर्जात येते असे लिहिले होते, ते खोटे होते.' शेवटचा पूर्णविराम मला पोटात बसला.

"सर, हे वाक्य नको. पाया पडते."

"शिकेन ह्याला साक्षीदार नसतो, वहिनी. तो शब्द उधारीचा. मग आधीचं खोटं फेडल्याशिवाय तो माणूस तुम्हाला उधार कसा देईल?"

ते कार्बन कॉपी कपाटात ठेवायला उठले तेव्हा मी पाहिलं, कपाट वरपासून खालपर्यंत अशाच कॉप्यांनी भरलेलं होतं. वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीने बांधलेले. माझ्या कॉपीच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने 'पुढे' असं लिहिलं आणि समोर एक रेघ ओढली. गठ्ठ्यांतल्या वरवरच्या कागदांवरही तेच होतं. 'पुढे', आणि रिकामी रेघ.

"हे काय, सर?"

"ते माझं," सर म्हणाले आणि कपाट लावून घेतलं.

आता माझा दुसरा मूर्खपणा सांगते, म्हणजे हिशेब पुरा होईल. मुलाखतीच्या सकाळी मी स्टेशनरीच्या दुकानातून पांढऱ्या शाईची बाटली घेतली आणि फुटपाथवर उभं राहून ते शेवटचं वाक्य पुसून टाकलं. फुंकर मारून वाळवलं. घाईत थोडी शाई साडीवरही सांडली.

मॅनेजर तोच, टाय दुसरा. त्याने मला ओळखलं. तो लाल पेन घेऊन अर्ज वाचायला लागला. कॅश हँडलिंगवर आला, टिक केलं. कस्टमर सर्व्हिसवर टिक करता करता थांबला, ओठ आवळून हसू दाबलं आणि विचारलं, "ह्या आहेर मॅडम खरंच आहेत?"

"आहेत. बोलावू का?"

"नको, नको." तो पुढे सरकला. मग त्याने कागद खिडकीकडे धरला. सरांच्या चांदण्या चमकल्या. आणि त्या पांढऱ्या पट्ट्याच्या टोकालाही एक भोक होतं, छान गोल. शाईने ते बुजलं नव्हतं.

"मॅडम, इथे पूर्णविराम दिसतोय," तो म्हणाला. "वाक्य कुठंय?"

खोलीत पंखा फिरत होता. मला मंजूची फ्रीजवरची जाहिरात दिसली, उघडलेली इस्त्री दिसली. उठून जायचं म्हटलं तर दार चार पावलांवर होतं. पण मागच्या वेळी त्याच दारातून गेले होते, आणि तो तासभराचा रस्ता परत चालायची माझी हिंमत नव्हती. मी डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणावी तसं घडाघडा म्हटलं, "मागच्या अर्जात येते असे लिहिले होते, ते खोटे होते."

मग पेनाचा आवाज आला. मी एक डोळा उघडला. त्याने त्या पांढऱ्या पट्ट्यावरच टिक केलं होतं.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "नाही जमलं तर थांबवावं लागेल." मग उठून शेल्फवरून तोच साबण आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा तुम्ही मागे तपासलाच आहे. ह्याच्यापासूनच सुरू करू."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बीप वाजला नाही की काळीज थांबायचं, वाजला की दचकायचं. घरी पोळ्या लाटतानाही मी पोळी उलटीपालटी करून रेघा शोधायचे. पण दिवाळीच्या आधी माझ्या शर्टावर नावाची पट्टी लागली. ह्यांनी त्या दिवशी इस्त्री पहिल्यांदा न उघडता वापरली. माझाच युनिफॉर्म कडक करून दिला. मंजूने पुढे फार्मसी केली, हे जाता जाता सांगते. आता तिची मुलगी बायोडेटा करताना माझ्याकडे येते आणि मी तिला म्हणते, साक्षीदार कोण?

पण मी सांगतेय ते सरांचं.

माझी नोकरी पक्की झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सर दुकानात आले. एक ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेतला आणि माझ्या रांगेत उभे राहिले. शेजारचा काउंटर रिकामा होता, तिथली मुलगी "इकडे या काका" म्हणत होती. सर हलले नाहीत. मी बिल केलं, त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. रोज संध्याकाळी पाच वाजता, एक पुडा, माझीच रांग.

मला धडकीच भरली. हा माणूस तपासायला येतोय! 'कस्टमर सर्व्हिस' लिहिलंय म्हणून कोणावर डाफरते का बघतोय. पाच वाजत आले की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मी जरा जास्तच गोड बोलायचे. असे दोन महिने गेले. एव्हाना सरांच्या क्लासात मुलं राहिली नव्हती. सगळे कॉम्प्युटर शिकायला जात होते. खालून येणारी खटखट ऐकू येईनाशी झाली होती, आणि ती बंद झाली हे माझ्या लक्षात यायलाही दिवस लागले. सरांकडे कोणी यायचं नाही, जायचं नाही.

एक दिवस मला राहवलं नाही. पुडा हातात घेऊन मी म्हटलं, "सर, आता तरी पास करा. अजून किती दिवस परीक्षा घेणार?"

सर गोंधळले. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग काउंटरवर जरा वाकून, हळू आवाजात, खिडकीतून कधीच ऐकू न आलेल्या आवाजात म्हणाले,

"परीक्षा कसली, वहिनी. तीस वर्षं लोकांचे अर्ज टाईप केले. नोकरी लागली त्याला परत यायला वेळ नसतो, नाही लागली तो तोंड दाखवत नाही. पुढे काय झालं ते मला कोणी सांगितलंच नाही. तुमचं तेवढं रोज बघायला मिळतं. बिस्किटं मी खात नाही, घरी डबा भरून गेलाय. द्या पावती, मागे लोक थांबलेत."